जोशी नसलेला फोटो

१९९७च्या जुलैत आमच्या आखातातल्या कंपनीने माझ्या खोलीतल्या जोशीला ट्रेनिंगसाठी नॉर्वेला पाठवलं. यादीत पहिलं नाव माझं होतं, पण माझा पासपोर्ट व्हिसा रिन्यूअलला गेला होता. मी जाणार असल्याचं पत्र मात्र चिपळूणला वडिलांना पोचलं होतं.

परवा इथल्या रोल्ला चौकात एका जुन्या फोटो स्टुडिओपाशी फोटो धुण्याच्या रसायनाचा वास आला आणि जोशी परत आल्यानंतरची ती शुक्रवारच्या सुट्टीची दुपार आठवली. जोशीने आमच्या खोलीत गादीवर नॉर्वेचे नुकतेच धुऊन आणलेले फोटो मांडले होते. काळसर निळं पाणी, त्यातून सरळ वर गेलेले डोंगर, कड्यावरून सुटलेला बारीक धबधबा.

"रात्री दहालासुद्धा उजेड असतो रे," तो म्हणाला.

"मग झोपलास कधी? ट्रेनिंगमध्ये?" मी विचारलं.

खोलीतले बाकीचे हसले. मला फोटोतला त्याचा लाल स्वेटरही बघवत नव्हता. मी सगळे फोटो दोनदा चाळले आणि ज्यात तो नव्हता असा एक मागितला.

"घे की. पण यात कोणीच नाही."

"डोंगर आहे ना."

संध्याकाळी मी त्या फोटोच्या मागे 'मी काढलेला' असं लिहून तो वडिलांना पाठवला. त्यांनी तो फ्रेम करून ओटीवर लावला. २००३मध्ये ते गेले, तेव्हाही तो तिथेच होता.