हौशीरामचा झेंडा

खोडदच्या हौशीरामला कुणी चहा पाजला तर तो आधी पाजणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा आणि मग कपाकडं. आज गडी एवढा उदार कसा झाला, ही शंका त्याच्या पोटात चहाच्या आधी उतरायची. डेअरीला दूध घालताना माप स्वतः धरणार. लग्नाला गेला तर नवरामुलगा लंगडत तर नाही ना, म्हणून त्याला मांडवात चालताना बारीक डोळ्यांनी बघणार. शिवारात आभाळातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या अजस्र थाळ्या उभ्या राहिल्या, तेव्हा पहिली शंका यालाच आली. "आभाळातलं ऐकत्यात म्हनं! आभाळात कोन बोलतंय? आपलंच ऐकत्यात!" त्यानंतर कित्येक दिवस तो बायकोशी भांडायचा तेसुद्धा दबक्या आवाजात. बायको साळुबाई म्हणायची, तेवढं एक भलं केलं बाई त्या थाळ्यांनी.

तिथंच कामाला आलेल्या एका बंगाली साहेबानं गावात फुटबॉल आणला. संध्याकाळी पोरांना घेऊन खेळायचा. साहेबाची बदली झाली, तो गेला, चेंडू राहिला. तालुक्यात बाकी सगळीकडं क्रिकेट, कुस्ती नाहीतर बैलगाड्यांच्या शर्यती. फुटबॉलचा संघ म्हणाल तर खोडदचा एक आणि दुसरा आळेफाट्याचा. फाट्यावरचा संघ उभा केला होता जोसेफअण्णानं. केरळातून येऊन त्यानं तिथं टायरचं दुकान टाकलं होतं, आणि गॅरेजवाले, हॉटेलातली पोरं, ट्रकचे क्लीनर असा सगळा मेळ जमवून तो स्वतः गोलीला उभा राहायचा. दरवर्षी अखितीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, दोन संघांचा सामना. खोडदकर फाट्याला शिव्या घालणार, फाटेकर खोडदला. त्या एका संध्याकाळसाठी माणसं वर्षभर वैर सांभाळून ठेवायची.

आणि त्या संध्याकाळी हौशीराम राजा असायचा. लाल फडक्याचा झेंडा घेऊन तो लाईनवर धावायचा. त्याचा स्वतःच्या गावावरही विश्वास नव्हता, म्हणून दोन्ही गावांचा त्याच्यावर होता! एका वर्षी खोडदचा कप्तान राजरत्न यानं घातलेला गोल त्यानं हापसाईड म्हणून उडवला होता आणि गाव हरलं होतं. पोरं चिडली, महिनाभर बोलली नाहीत. पण हौशीराम चुकला असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. हौशीरामनं झेंडा वर केला म्हणजे खेळ थांबला. बाकी दिवसांत त्याला कोण विचारतो? घरात साळुबाईचं चाले, भावकीत थोरल्या भावाचं. तो लाल झेंडा घरात देवळीत ठेवलेला असायचा आणि त्याला दुसऱ्यानं हात लावलेला खपायचा नाही.

त्या वर्षी कांदा उदंड आला आणि भाव मातीला मिळाला. अशात एक दिवस फाट्याचा टेम्पो खोडदच्या शिवारात शिरला. टेम्पोत जोसेफअण्णा आणि त्याची पोरं. फाट्यावरचं त्यांचं खेळायचं रान मालकानं हॉटेलला दिलं होतं, दुसरं रान खंडानं घ्यायला पैसे हवे होते. रोख कोण देणार? फाट्याला अर्धी माणसं येणारी-जाणारी. म्हणून हे गडी खळ्याखळ्यावर जाऊन पाटी-दोन पाट्या कांदा मागत होते. देणारे देतही होते. पडून सडण्यापेक्षा कुणाच्या कामी आला तर बरा.

संध्याकाळी पारावर हाच विषय.

"आपल्या शिवारात येऊन आपल्याच इरोधात कांदा मागत्यात, लाज हाय का?" भागू न्हावी म्हणाला.

"मी दिल्या दोन पाट्या," एकजण खाली मान घालून म्हणाला.

"दिल्या? आरं, उद्या त्याच पैशाच्या बुटानं आपल्या पोरांच्या नडग्या फोडतील!"

हौशीराम तंबाखू मळत ऐकत होता. चिमूट दाढेखाली गेल्यावर तो म्हणाला, "मला येक सांगा. कांद्याला बाजारात कुत्रं इचारत न्हाई, आन् ह्ये कांदा गोळा करत्यात. टायरवाल्याला ह्यो धंदा सुचला कसा? पाणी मुरतंय कुठंतरी."

झालं! पारावरच्या माणसांचे चेहरे बदलले. दुसऱ्या कुणी बोललं असतं तर लोक हसले असते. पण हौशीरामचा डोळा!

दुसऱ्याच दिवशी तो एसटीत बसून फाट्याला गेला. टायरच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडं रसवंती होती, तिथं उसाचा रस घेऊन बसला. दुकानामागं कांद्याचा ढीग ताडपत्रीखाली तसाच पडलेला दिसला. म्हणजे विकलेला नाही. का नाही? भाव वाढायची वाट बघत असतील लेकाचे! एवढ्यात त्याला दुकानात कुशाबा दिसला, आणि हौशीरामच्या हातातला ग्लास तिथंच थांबला. कुशाबाला कोण ओळखत नाही? बेल्ह्याच्या बाजारातला मुरलेला हेड्या, गुरांचा दलाल. बैलांचे सौदे करून करून त्याची टाळू उघडी पडलेली. तो आणि जोसेफअण्णा गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, आणि दोघांचे हात कुशाबाच्या उपरण्याखाली होते.

आता हे सांगायला नको की बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, भोवतीच्या माणसाला पत्ता लागू द्यायचा नाही. हौशीरामनं जन्मभर तेच बघितलेलं. उपरण्याखाली हात हलत होते. जोसेफअण्णाचं तोंड वाकडं झालं, त्यानं मान जोरात हलवली. कुशाबानं पुन्हा दाबलं. भाव पटत नव्हता बहुतेक! मग अण्णानं डोळे मिटले, लांब श्वास सोडला, आणि कुशाबा हसून त्याच्या पाठीवर थापटी मारून उठला. सौदा झाला. हौशीराम रस अर्धा टाकून परतीच्या गाडीला धावला.

त्या संध्याकाळी पारावर त्याच्याभोवती गर्दी झाली. "ह्या डोळ्यांनी बघितलं. उपरण्याखाली हात! रान न्हाई आन् फुटबॉल न्हाई, आपला धर्माचा कांदा हेड्याला इकला त्यानं."

"त्यो कुशाबा तर बैलांचा हेड्या हाय ना तात्या? कांद्यात कधीपास्नं पडला?" राजरत्ननं विचारलं. पोरगा दुर्बिणीवर नोकरीला, प्रश्न विचारायची सवय.

"ज्येला बैल इकता येतो, त्येला कांदा जड हाय व्हय रं?"

हौशीरामनं झेंडा वर केला होता, आता राजरत्न काय बोलणार?

पुढच्या खेपेला टेम्पो आला तेव्हा एकाही खळ्यावर कुणी उठलं नाही. कबूल केलेल्यांनीसुद्धा तोंड फिरवलं. भागूनं तर तोंडावर सांगितलं, "कुशाबाकडनं घ्या की!" जोसेफअण्णाला काही कळेना. तो रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला. गोष्ट शेजारच्या गावांत पोचायला कितीसा वेळ लागतो? निमगाव साव्यापर्यंत सगळ्या खळ्यांची कवाडं फाट्याला बंद झाली. पारावरची मंडळी खूश होती. हौशीरामची छाती तर चांगली दोन बोटं फुगली होती.

फक्त साळुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, फाट्याची टीमच बुडाली, तर तुमी झेंडा घिऊन पळणार कुणाच्या मागं?"

"तू भाकरीकडं बघ," हौशीराम खेकसला. पण तो घास त्याला गोड लागला नाही.

अखिती जवळ आली आणि राजरत्न तोंड पाडून वस्तीवर आला. फाट्याचा निरोप होता. रान मिळालं नाही, पोरं पांगली, दोघं तर काम सोडून नाशिककडं गेली. यंदा संघ नाही. कप खोडदनं ठेवून घ्यावा.

"चाल हाय ही," हौशीराम म्हणाला.

"कसली चाल, तात्या? कप देऊन टाकलाय त्यांनी. यंदा खेळ न्हाई. पुढच्या वर्षी तरी कुणाबरं खेळायचं? बैलांबरं?" एवढं बोलून राजरत्न निघून गेला. हौशीराम कितीतरी वेळ देवळीतल्या झेंड्याकडं बघत बसला. मग त्यानं टोपी घातली. चाल असली तर उघडी पाडतो, असं स्वतःला बजावत तो फाट्याला गेला. खरी गोष्ट अशी की घरात त्याचा जीव लागत नव्हता.

या वेळी रसवंतीत न बसता तो सरळ दुकानात शिरला. आत पुन्हा तेच दोघं! कुशाबा आणि जोसेफअण्णा, मध्ये उपरणं. हौशीरामनं आवाज चढवला, "काय भाव चाललाय, कुशाबा?"

"कशाचा भाव, राव?" कुशाबा काही हौशीरामला ओळखत नव्हता. त्यानं उपरणं काढलं. खाली जोसेफअण्णाचा उजवा हात होता. दोन बोटं बांबूच्या कामट्यांत बांधलेली, अजून सुजलेली, काळीनिळी. "कांदा गोळा करत व्हता तवाच ट्रकचं चाक बसवताना रिंगमधी घावली. बैलाची हाडं बसवतो तसंच माणसाचं हाड बसवायला लागतंय. दुखतं म्हनून मी झाकून घेतो; आपला हात आपन बघितला की माणूस जास्त वरडतो. आन् हे कुणाला सांगू नगं हां. खोडदच्या लोकांना कळलं की गोली मोडलाय, तर नाचतील."

मागच्या दारातून कांद्याचा कुबट वास येत होता. ढीग जागच्या जागी होता, खालून पाणी सुटलं होतं.

"इकला न्हाई?" त्यानं कसंबसं विचारलं.

"कोन घेणार?" जोसेफअण्णा म्हणाला. "बारदानाचा खर्च पन सुटत न्हाई. मोठा ढीग झाला तर येक व्यापारी गाडी भरून नेतो बोल्ला व्हता. मग तुमच्या गावानं द्यायचं बंद केलं. सगळ्यांनीच बंद केलं." कुणी बंद केलं ते त्याच्या कानावर आलेलं होतं. "हौशीराम भाऊ, तू झेंडा वर केला. सगळे थांबले. मी पन थांबतो, धा वर्षं थांबतो मी तुझ्या झेंड्याला. पन तू बघितलं व्हतं का?"

हौशीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं परत दिल्या असत्या. त्यानं खाली बघून टोपी नीट केली. मग म्हणाला, "माझा माळ पडीक हाय. दगडधोंडं हायेत, पन सपाट करता येतो. तुमचं रान समजा. खंड नगं. पन येक सांगतो, कोपऱ्यांचं दगड मी रवणार. तुमी लेको सरकवताल."

सामना पुढं ढकलायला राजरत्न एका पायावर तयार झाला. हौशीरामनं माळ सपाट करायला इर्जिक घातलं. म्हणजे ज्यानं त्यानं आपले बैल आणि आपली फळी आणायची, मजुरी नाही, मालकानं फक्त पोटभर जेवू घालायचं. साळुबाईनं मोठ्या पातेल्यात आमटी चढवली. फाट्याची पोरं टिकाव-फावडी घेऊन आली, गेलेली दोघंही परत आली. खोडदचं मात्र कुत्रंही फिरकेना. पारावर आता नवा विषय होता.

"वैऱ्याला फुकट रान? हौशीराम?" भागू डोळे बारीक करून म्हणाला. "त्याच्या बैलगाडीला नवं टायर बघितलं का कुणी?"

गाडीचं टायर जुनंच होतं. पण आता कोण बघायला जातं? राजरत्न आणि त्याचा संघ दुपारनंतर आला. बाकी गाव बांधावर उभं राहून लांबूनच बघत होतं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला विचारत होता, याला काय मिळालं असेल? हौशीराम दगड उचलत होता. आपल्याच औषधाची चव कशी असते, ते त्याला त्या दिवशी कळलं.

सामन्याच्या संध्याकाळी माळाच्या चारी बांधांवर माणसं होती. दोन्ही संघांना लाईनवर हौशीरामच हवा होता, निदान तोंडानं तरी. खेळ बराच वेळ बरोबरीत चालला. शेवटी शेवटी राजरत्न मधूनच निसटला, चेंडू घेऊन आत शिरला आणि त्यानं मारला. जोसेफअण्णानं उजवीकडं झेप घेतली, मोडलेली बोटं चेंडूला लागली आणि चेंडू आत गेला.

खोडदकर ओरडले नाहीत. फाटेकरही नाहीत. सगळी माणसं लाईनकडं बघत होती. हौशीरामचा झेंडा खाली होता, म्हणजे गोल.

"हापसाईड व्हता!" फाट्याचा एक पोरगा ओरडत आला. "रान ह्याचं, गाव ह्याचं, झेंडा ह्याचा! तात्या, नीट बघितलं का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला मैदानावर कुणी विचारला नव्हता. बांधावर खोडदची माणसं होती, भागूसकट. हौशीरामच्या बाजूनं बोलायला एकजण पुढं आला नाही. जोसेफअण्णा हात पोटाशी धरून उठला, धुळीतून चालत त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"बघितलं?" त्यानं विचारलं.

"बघितलं," हौशीराम म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

जोसेफअण्णानं त्याच्या डोळ्यांकडं बघून घेतलं. मग मागं वळून आपल्या पोरांवर खेकसला, "चला, गोल झाला, मधी घ्या बॉल!" आणि डाव्या हातानं चेंडू उचलून त्यानं मैदानाच्या मध्यावर फेकला.