औषधाच्या कागदावरचा कॅरम

आमचे हे दीड वर्ष घरात बोलत नव्हते. भांडण नाही, ताप नाही, कुठे पडले-झडले नाहीत. खालचे लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, विकले आणि तेव्हापासून जे गप्प झाले ते झालेच. मी विचारावं, "चहा ठेवू का?" तर हे टीव्हीकडे तोंड करून बसलेले. टीव्ही इतका मोठा की गल्लीच्या टोकाला बातम्या कळाव्यात. पण भिवंडीत त्यावरून काही ओळखता येत नाही, इथे सगळ्यांचाच टीव्ही मोठा असतो.

आमचं घर लूमच्या डोक्यावर. तीस वर्षं खाली बारा लूम चालले आणि वर मी स्वयंपाक केला. फळीवरची भांडी हादऱ्याने आपोआप पुढे सरकायची, रोज मागे लोटावी लागायची. अशा घरात हळू कोण बोलणार? मी माहेरी गेले की आई म्हणायची, "केवढी बोंबलतेस गो, मी काय खाडीपल्याड हाय?" लग्नाकार्यात मी तोंड उघडलं की चार माना वळायच्या. मला त्याची फार लाज वाटायची. म्हणून लूम गेले तेव्हा मी एक गोष्ट ठरवून केली, हळू बोलायला लागले. मालिकेतल्या बायका बोलतात तशी, ओट्याकडे तोंड करून, शांतपणे. भाजी परतता परतता मी ह्यांना दिवसभराचं सगळं सांगायची. माझा मलाच आवाज आवडायला लागला होता.

लूम गेले त्या दिवशी मी रडले होते, ते खोटं कशाला बोलू? पहिले चार लूम माझ्या माहेरच्या दागिन्यांवर उभे राहिले होते. भंगारवाल्याची माणसं घण घालून ते फोडत होती आणि मी जिन्यात बसून पदराने डोळे पुसत होते. हे अंगणात उभे होते, त्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. धंद्यात काही राहिलं नव्हतं, लूम ठेवून करायचं तरी काय होतं? माझ्यापुरता तो विषय तिथेच मिटला.

ह्यांचं मात्र दिवसेंदिवस आक्रसत चाललं. आधी नाक्यावर जाणं बंद झालं, मग मित्रांचे फोन, मग दाढीसुद्धा आठवड्यातून एकदा. लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबांना डिप्रेशन आलंय, दाखवून घे." मी तिच्यावर डाफरले. पण फोन ठेवल्यावर ह्यांच्याकडे बघत बसले. माणूस असा रोज थोडा थोडा कमी होत जाणार, आणि मी शेवटपर्यंत भात वाढत राहणार, याची मला भीती बसली.

शेवटी आरोग्य केंद्रात नेलं. तिथली डॉक्टरीण आमच्या लेकीएवढी. बाहेर रांगेचा इतका गोंगाट, की तिने स्टूल ओढून ह्यांच्या अगदी समोर घेतलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काका, झोप लागते का? जेवता का नीट? कोणाशी बोलता?"

हे पटापट उत्तरं द्यायला लागले! "झोप लागते. जेवतो. बोलनार कोनाशी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलणार कोणाशी म्हणजे? मी काय घरातला खांब आहे? परक्या पोरीला उत्तरं मिळतात आणि बायकोला साधा हुंकार नाही!

डॉक्टरीण जरा वेळ लिहीत बसली. मग म्हणाली, "गोळी देता येईल मावशी, पण आधी हे करून बघू." कागदावर लिहिलं होतं: मंगळवार व शुक्रवार, दुपारी चार वाजता, कामतघर, कॅरम. सहा आठवडे. चुकवू नये. खाली सही आणि शिक्का.

दोन तास रांगेत उभं राहून कॅरम! मी इतकी चिडले होते, की बाहेर आल्यावर सवयीने तो कागद मेडिकलच्या काउंटरवर आपटला. दुकानदाराने तो दोनदा वाचला, उलटा करून बघितला आणि म्हणाला, "मावशी, हे आमच्याकडं येत न्हाय." आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली. हे मात्र रस्त्याकडे बघत उभे होते.

मी तर तो कागद डब्याखाली सारून दिला होता. पण डॉक्टरणीने आमच्या भागातल्या आशाताईला सांगून ठेवलं होतं. मंगळवारी ती दारात हजर. ती काही ऐकणाऱ्यातली नाही, तिने ह्यांचा हात धरून सरळ रिक्षात बसवलं. कामतघर भागात चाळींच्या मागे एक बंद पडलेली शेड आहे, तिथे चारला जुने लूमवाले जमतात. कोणी मालक होता, कोणी कामगार, कोणी मिस्त्री. कोणी तेलुगू, कोणी युपीचा, कोणी इथलाच. दोन कॅरम, पाण्याचा एक पिंप, आणि शुक्रवारी आशाताई सगळ्यांचं बीपी तपासते. बस्स, एवढंच. यात औषध कुठे आहे ते मला काही केल्या दिसेना.

तिसऱ्या शुक्रवारी मी ह्यांना आणायला जरा लवकर गेले आणि खिडकीच्या जाळीतून आत डोकावले. आमचे हे बोलत होते. चार माणसांत बसून, भुवया उडवत, हात नाचवत काहीतरी गोष्ट रंगवून सांगत होते आणि ती माणसं पोट धरून हसत होती. ह्यांच्या बोलण्याला आवाज मात्र नव्हता. नुसते ओठ आणि हात.

ते बोलणं मी ओळखलं. चालत्या लूममध्ये कोणाचं काही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं ओठांवरून वाचतात आणि हातांनी सांगतात. दोन बोटं झटकली की धागा तुटला, मूठ वळवली की मशीन बंद कर. तीस वर्षं मी ते जिन्यातून बघितलं होतं. आता तिथे एकही लूम चालत नव्हता, तरी हे तसेच बोलत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर ते रागाचं होतं. इतकं बोलणं शिल्लक होतं, तर मग माझ्या वाट्याला का नाही?

एक म्हातारे चाचा हात धुवायला बाहेर आले. पूर्वी त्यांचे ह्यांच्यापेक्षा जास्त लूम होते. मी माझ्या नव्या, शांत आवाजात म्हटलं, "घरी एक शब्द बोलत नाहीत हो."

त्यांनी कानामागे हात नेला. "क्या?"

मी पुन्हा सांगितलं.

"जोर से बोलो, भाभी."

मग माझं डोकं फिरलं. मी जुन्या आवाजात ओरडले, "घरी माझ्याशी बोलत न्हाईत, म्हटलं!"

अख्ख्या शेडने वळून बघितलं. ह्यांनीही. दीड वर्षात माझ्या आवाजाला ह्यांनी पहिल्यांदा मान वळवली.

चाचा हसले. "हां, असं बोला ना. इतना धीरे बोलेंगी तो हम लूमवालों को क्या सुनाई देगा? आमची बेगम तर समोर उभी राहून ओरडते."

कानाची तपासणी नंतर झाली. लूमच्या गोंगाटाने कान जातात, त्यात बारीक आवाज ऐकू येणं आधी बंद होतं, बायकांचा तर सगळ्यात आधी, असं डॉक्टरीण म्हणाली. तिच्याशी हे नीट बोलत होते म्हणून तिलाही शंका आली नव्हती, ती बिचारी माझ्याइतकीच ओशाळली. पण त्या संध्याकाळी मला एवढंच कळलं होतं, की माझं हळू बोलणं ह्यांना ऐकू येत नाही. घरी आल्यावर मी टीव्ही बंद केला, प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि ह्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. लूमच्या दिवसांतला सगळा जोर लावून विचारलं, "अहो, मी बोललेलं ऐकू येत न्हाय, तर मला सांगितलं का न्हाय?"

हे माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"तू बोलत व्हतीस?"

मी मान डोलावली.

"मना वाटला," ते म्हणाले, "लूम इकलं म्हनून तू अबोला धरलास."

दीड वर्ष. दीड वर्ष हा माणूस माझा अबोला आहे असं समजून माझ्या हातचं मुकाट्याने जेवला, आणि मला एकदाही काही विचारलं नाही, कारण माझं बरोबरच आहे असं त्याला वाटत होतं.