विहीणबाईंच्या पाठीवर उठलेली सीट

मानसी, अशी जवळ सरक पाहू. पुण्यात बसून सरकलीस तरी चालेल, पण मावशी सांगते ते नीट ऐक. तुझ्या गाडीच्या सीटचे पोपडे निघतायत आणि तू मोबाईलवर बघून घरच्या घरी रंग देणार आहेस, असं तुझ्या आईने कळवलं. शहाणी आहेस! घरच्या घरी रंगवलेल्या सीटमुळे आमच्या ऋचाचं लग्न मोडत आलं होतं.

तुझ्या काकांनी ती जुनी गाडी घेतली ती खऱ्या कातड्याच्या सीटवर भाळून. श्रीवर्धनच्या खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांत त्या कातड्याची रया घालवली. आधी भेगा, मग पोपडे. आमच्या गाडीतून कोण येऊन गेलं हे गावात विचारावं लागत नसे, पाठीला तपकिरी पोपडे चिकटलेले असत. एकदा भटजी आमच्याकडून थेट दुसऱ्या घरी पूजेला गेले, तर तिथल्या बाईंनी त्यांना आधी केरसुणीने झटकलं आणि मग पाटावर बसवलं.

अशात ऋचाने अनिकेतला पसंत केलं. त्याची आई मुख्याध्यापिका. मुलगी छान आहे, पण घर बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही, असा त्यांचा निरोप. मायलेक रेल्वेने माणगावला उतरणार आणि तिथून तुझे काका त्यांना आपल्या गाडीतून आणणार, असं ठरलं. म्हणजे काकांनी ठरवलं. ऋचा रडकुंडीला आली.

"बाबा, भाड्याची गाडी करा ना. पोपडे लागले तर त्या तशाच परत जातील."

दारात गाडी असताना भाड्याची कशाला, असं काकांचं म्हणणं. बापलेकीचं काही जुळेना, तेव्हा मी म्हटलं, "मी आहे ना." (या वाक्याने आमच्या घराचं आजवर फार नुकसान केलंय.)

आता कातडं म्हणजे कातडीच, असा मी विचार केला. कातडी फुटली की आपण काय करतो? तेल लावतो! पोपडे नारळाच्या काथ्याने घासून काढले आणि घरच्या खोबरेल तेलाने सीटना बाळंतिणीसारखं चोळलं. राहिला रंग. कोवळी सुपारी उकडली की मागे तांबडंकाळं पाणी उरतं, हाताला लागलं तर पंधरा पंधरा दिवस निघत नाही. यापेक्षा पक्का रंग कुठला? चार हात दिले. सीट अशा चकाकल्या की काका म्हणाले, "तू कारखाना का काढत नाहीस?" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेलावर रंग धरत नाही, हे मात्र कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

ऑक्टोबरचं ऊन, घाटाची वळणं, आणि आमच्या गाडीचा एसी नुसता आवाज काढणारा. पाहुणे आले. बाईंची फिक्कट मोतिया साडी, कडक इस्त्रीची. मी हसतमुखाने पुढे झाले. त्या चपला काढायला वळल्या आणि माझं हसू जागीच थिजलं. पाठीवर अख्खी सीट उठली होती गो! शिवणीचे टाकेसुद्धा मोजता आले असते.

ऋचाने माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी घास उतरत नाही. मी बाईंना भिंतीला पाठ लावून बसवलं. उठू म्हणून देईना. चहावर सरबत, सरबतावर पोहे. पण त्यांना घरामागची आमची सुपारीची वाडी बघायची होती. मग काय, पुढे बाई आणि मागे चिकटून आम्ही दोघी, शेजाऱ्यांना पाठ दिसू नये म्हणून. त्या थांबल्या की आम्ही थांबायचो. शेवटी त्यांनी विचारलंच.

"आमच्यात पाहुण्यांच्या पुढे चालत नाहीत," मी ठोकून दिलं.

तेवढ्यात तुझे काका, ज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, एक उंच पोफळ दाखवायला ऐटीत सगळ्यांच्या पुढे झाले. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ड्रायव्हरची सीट! बाईंनी ती बघितली. मग अनिकेतला खांद्याला धरून फिरवलं. मग सावकाश स्वतःचा पदर पुढे ओढून घेतला.

"हे काय आहे?"

"सुपारीचं पाणी," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं, खोबरेल तेलासकट. ऋचा जमिनीकडे बघत उभी.

"आमच्याकडे लग्न ठरलं की सुपारी फोडतात," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे अंगाला लावतात होय?"

आणि अशा हसायला लागल्या, अशा हसायला लागल्या, की त्यांना विहिरीच्या कठड्यावर बसावं लागलं.

"हा डाग काही निघायचा नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तेव्हा आता फोडूनच टाका."

अडकित्ता आणण्याइतकाही दम काकांना निघाला नाही. पायाशी पडलेली सुपारी त्यांनी दगडाने फोडली. ऋचा रडत होती, पण हे रडणं निराळं.

विहीणबाई अजून ती साडी नेसून येतात आणि दारातच पाठ दाखवून म्हणतात, "बघा, रंग टिकलाय." टिकलाच आहे. साडीवर, सदऱ्यावर, काकांच्या बनियनवर. टिकला नाही तो फक्त सीटवर.

तेव्हा बाई, तुझ्या सीट सीटवाल्याकडे दे, आणि तू लवकर इकडे ये. माणगावला उतरलीस की काका गाडी घेऊन येतील. फक्त काळा ड्रेस घाल. परवाच मी सीटना नवीन उपाय केलाय.