तेच पुन्हा बोला

द्वारकाबाईचा डावा कान जन्मापासून बंद नव्हता. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवऱ्याच्या माराला कंटाळून ती गंगापूरजवळच्या माहेरी पळून आली. थोरल्या भावानं, सांडूनं, तिला वेशीतूनच मागं फिरवलं. ती रस्त्यात बसली. बैल हाकायच्या काठीनं त्यानं तिला उठवलं. कानातून रक्त आलं, ऐकू येणं गेलं. नवरा मरेपर्यंत ती आणखी दोनदा पळाली आणि दोन्ही वेळा सांडूनंच तिला सासरी पोचवलं. या गोष्टीवर भावाबहिणीत कधी शब्द निघाला नाही. ती राखी बांधायची, तो साडी द्यायचा.

नवरा गेल्यावर ती लेकीला घेऊन शहरातल्या मुकुंदवाडीत आली आणि मिरची कांडपाच्या गिरणीत कामाला लागली. वैशालीला दहावीपर्यंत शिकवलं, मग गंगापूर तालुक्यात दिली. स्थळ सांडूनंच आणलं होतं. पुढं एका मार्च महिन्यात वैशालीही पळून आली. नवऱ्यानं लाथा घालून तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. श्वास घेताना ती छातीवर हात दाबून धरायची. पाठोपाठ सांडू तिला परत सासरी न्यायला हजर झाला. संध्याकाळच्या जीपनं निघायचं, असं त्यानं पाणी पिता पिता सांगून टाकलं. द्वारकाबाईनं मान हलवली. भावापुढं तिला तेवढंच यायचं.

त्याच दुपारी गयास कॅमेरा घेऊन आला. तो गल्लीच्या टोकाला राहायचा, लग्नाचे व्हिडिओ काढायचा आणि त्यातून उरलेल्या पैशात स्वतःचा सिनेमा करत होता. पाच छोट्या गोष्टी. प्रत्येकीत दोन माणसं बसून साध्या गप्पा मारतात. गाणं नाही, मारामारी नाही. शेवटच्या गोष्टीत द्वारकाबाई आणि तिची शेजारीण मिरचीचे देठ खुडत बोलणार होत्या. शेजारीण लाजली आणि आलीच नाही. गयासनं ओट्यावर बसलेला सांडू पाहिला, त्याच्या पांढऱ्या मिशा पाहिल्या आणि त्यालाच पाट दिला. सांडू खुलला. जीपला अजून अवकाश होता.

पहिल्यांदा सगळं गयासच्या मनासारखं झालं. कापसाचा भाव निघाला, चुलत्याची विहिरीत पडलेली म्हैस निघाली. तेवढ्यात स्टेशनावरून गाडी गेली आणि आवाज वाया गेला.

"मामू, वोच बात फिरसे बोलो," गयास म्हणाला.

घोळ इथं झाला. सांगून झालेली म्हैस त्याच माणसाला पुन्हा कशी सांगायची, हे दोघांनाही कळेना. म्हणून ते पुढचं बोलले. दुसऱ्यांदा गप्पा आईबापावर आल्या आणि शेजारची पिठाची चक्की सुरू झाली. तिसऱ्यांदा द्वारकाबाईनं मान वर न करता विचारलं, ती काठी अजून घरात हाय का. कसली काठी, म्हणून सांडू हसला. नेमकी बॅटरी संपली. गयासनं ती बदलेपर्यंत दोघं देठ खुडत राहिले.

चौथ्यांदा सांडूला उत्तर सुचलं होतं.

"म्या मारलं म्हणून तुझा संसार टिकला, द्वारके. नाय तर कुठं गेली असतीस?"

"इथंच आले असते."

"आन् खाल्लं काय असतंस?"

"आता खाते तेच, दादा. मिरच्या."

गयासला हसू आवरलं नाही. गल्लीतल्या पोराचं ते हसू सांडूला झोंबलं. तो उठला आणि त्यानं वैशालीला पिशवी उचलायला सांगितलं. वैशाली आतल्या खोलीतून हलली नाही. त्यानं तिला केसाला धरून ओढत आणलं. बरगड्यांमुळं तिला ओरडताही येत नव्हतं. उंबऱ्यावर तिचं डोकं आपटलं.

द्वारकाबाई उठली ती कोपऱ्यातला लोखंडी बत्ता घेऊनच. पहिला घाव मनगटावर बसला, केस सुटले. दुसरा कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्या दिवशीच्या सगळ्या आवाजांत स्वच्छ उमटला. सांडू मिरच्यांवर पडला. पडल्यावरही तिनं त्याच्या नडगीवर आणखी एक घातला, नडगी फुटून रक्त वाहू लागलं. गयासनं मागून धरलं नसतं, तर पुढचा घाव डोक्यात बसला असता. तो घाव फरशीवर बसला आणि फरशी फुटली. कॅमेरा चालूच होता.

"हिला आता कुणी ठिवून घेणार नाय," सांडू विव्हळत म्हणाला.

"मी ठिवली," द्वारकाबाई म्हणाली.

गयासनं त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. जीपमधून पडलो, असं सांडूनं डॉक्टरला सांगितलं. बहिणीनं मारलं, हे त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

गयास परतला तेव्हा द्वारकाबाई रक्तानं भिजलेल्या मिरच्या वेगळ्या काढत होती. आत वैशाली कुशीवर झोपली होती. चौथ्यांदा घेतलेलं ठेवू का, असं त्यानं घाबरत विचारलं. ठेव, पण पोरीचं तोंड दिसता कामा नये, असं तिनं बजावलं.

"आणि मावशी, जावई आला तर?"

"येऊ दे की. मी घरीच हाय."