चाकातली मोटर आणि अक्काची चेन

घोड नदीत लोक बैल धुतात, ट्रॅक्टर धुतात, गोधड्या धुतात. विजेची मोटर आतून धुऊन काढणारा इनामगावात मी एकटाच.

ते दिवस लोडशेडिंगचे. कारखान्यात सुपरवायझर असल्यामुळे जगाचं प्रदूषण आपल्यालाच थांबवायचंय, असा माझा समज होता. (मी पॅकिंगला होतो, पण समजाला खातं लागत नाही.) म्हणून बॅटरीची स्कूटर घेतली. मोटर थेट मागच्या चाकाच्या पोटात! चेन नाही, गिअर नाही, ऑइल नाही!

त्याच सुमारास थोरल्या बहिणीनं, अक्कानं, स्वतःची गाडी काढली. पाबळला वेल्डिंग शिकलेली बाई! जुन्या मोपेडचं इंजिन उपटून सीटखाली मोटर बसवली, आणि तिथून चाकापर्यंत चेन. चालू केली की गिरणीत खडे दळल्यासारखा आवाज!

"अक्के, चेनमध्ये ताकद वाया जाती. माझी बघ, सरळ चाकात!"

"व्हय, आन् चाक खड्ड्यात गेलं की मोटरबी खड्ड्यात! माझी वर बसलीय, पाटलीणबाईवानी."

"पण धूर न्हाई गं!"

"तुझ्या दारात न्हाई. जिथं कोळसा जाळून वीज करत्यात, तिथल्यास्नी इचार!"

यावर मी तिच्या वेल्डिंगची तारीफ केली. (दुसरं काय करणार?)

आमच्या वडलांना, आबांना, दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं; रेल्वे दौंडहून. गुडघ्यांमुळं मागच्या वर्षी हुकलेलं. "यंदा न्हाई तर मंग कवा?" ते म्हणाले, आणि मी छाती ठोकली, "आबा, मी सोडतो. धुराचा ठिपका न उडवता!"

निघायच्या दिवशी सकाळपासून वीज गायब! स्कूटर अर्धपोटी. मी मंडपवाल्याचा डिझेल जनरेटर आणून तिला जोडला. त्यानं असा काही धूर ओकला की कोंबड्या रात्र झाली समजून खुराड्यात शिरल्या. दोरीवर आबांचे पांढरेशुभ्र कपडे होते. तासाभरात सदऱ्याचा बिबट्या झाला!

"बिनधुराची गाडी ती हीच का रं?" आबांनी शांतपणे विचारलं.

कपडे पुन्हा धुवायला आम्ही तिघं दोन्ही गाड्या घेऊन नदीवर गेलो. आता, आमच्याकडं लांब निघालेलं वाहन नदीत उभं करून, बैलासारखं घासूनपुसूनच रस्त्याला लागतं. स्कूटरला तरी पारोसं कसं न्यायचं? घातली पाण्यात!

अक्का काठावरून किंचाळली, "आरं मुडद्या, मोटर चाकात हाय!"

"कंपनीनं सील केलीय!" मी अॅक्सिलरेटर पिळला. चाकातून बुडबुडे आले, म्हैस डुंबल्यासारखे. मग तेही थांबले.

आबांनी ओला सदरा तसाच अंगात चढवला. घड्याळ बघितलं. "ऱ्हाऊ दे पोरा. पुढल्या साली बघू." शिवी दिली असती तर परवडलं असतं!

"पुढल्या साली कशापायी?" अक्का म्हणाली. "रातीच पोटभर चार्ज करून ठिवलीय. बसा मागं!"

आणि ती पाटलीणबाई खडे दळत निघाली. मी वडापच्या जीपला लटकून मागोमाग. चढाला चेन निसटली. अक्का उतरली, काटकीनं चेन दातांवर चढवली, हात पदराला पुसले आणि पुन्हा सुसाट. आबांचा सदरा वाऱ्यावर वाळत होता. खरं सांगतो, असलं देखणं वाहन मी आजवर पाहिलेलं नाही.

दौंडला रेल्वे उभीच होती. डब्यात जय भीम झाले, आबा खिडकीशी बसले आणि लगेच शेजाऱ्याला सांगू लागले, "ही माझी लेक. सोता केलेल्या गाडीवर आणलं हिनं!"

"आन् ह्ये पाव्हणं?"

"ल्योक माझा. ह्याची गाडी लई शुद्ध. कोळसा न्हाई, धूर न्हाई, आवाज न्हाई."

"आरं वा! मंग चालती कशी?"

"ते त्याला घरी गेल्यावर कळंल."

कळलं! संध्याकाळी नदीपासून घरापर्यंत माझी गाडी शंभर टक्के प्रदूषणमुक्त चालली. मोटर चाकात नव्हती, सीटखालीही नव्हती. ती मागून ढकलत होती आणि धापा टाकत होती!