दगडोबांचा परस

भांडगावात विहिरीची खोली मीटरमध्ये सांगणारं जुनं माणूस शोधून सापडायचं नाही. ते परसात सांगतात. माणसानं सरळ उभं राहून हात वर केला, की पायापासून बोटापर्यंत एक परस. आता माणूस कोणता, हे मात्र कुणी विचारत नाही. दोन भाऊ म्हणे एकाच विहिरीवरून भांडले. थोरला म्हणे पाच परस, धाकटा म्हणे सहा. चार माणसं बसली तेव्हा कळलं, दोघंही खरे. धाकटा तेवढा बुटका.

तर अशा गावात अपेक्षा टेप घेऊन हिंडत होती. पोरगी कवठे येमाईची, बागायती घरातली. पुण्यात पाण्याचं एम.टेक. करायची; जमिनीखालचं पाणी पुढच्यांनाही पुरेल असं कसं वापरायचं, त्याचा अभ्यास. चुलते म्हणायचे, घागर डोक्यावर घ्यायला आता डिग्री लागती व्हय? आधी ती हसायची, पुढं पुढं तेही सोडलं. वर्गातली बाकीची कॉम्प्युटरवर नकाशे काढत. विहिरींवर जाणारी ही एकटीच. कारेगावात खोली घेतली होती. सोबतीला दोन मुली, पण त्या कंपनीत, रातपाळीला. ही परत यायची तोवर त्या गेलेल्या, ताटं धुऊन पालथी घातलेली. चार-चार दिवस कुणाशी शब्द नाही.

तिला हवं होतं तीस वर्षांपूर्वीचं पाणी. आज ते किती खोल गेलंय, हे टेप सांगते. तेव्हा किती होतं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि त्याच्यावाचून प्रबंध अर्धा. ज्याला विचारावं तो एकच नाव घ्यायचा, दगडोबा. हयातभर त्यांनी विहिरींतला गाळ काढलेला. अकरा विहिरींचं वैशाखातलं पाणी तोंडपाठ. बायको, वच्छलाबाई, गेल्यापासून एकटेच ओट्यावर बसून असत. हिनं नुसतं विचारलं, तर म्हातारबा दोन तास बोलले. कुठल्या विहिरीत कासव होतं, कुणी मजुरी म्हणून पाटीभर वांगी दिली, सगळं. त्यात मधूनमधून आकडे.

तिनं त्यांना भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला आणि परस मोजला. एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर. मग खातरजमा म्हणून एका पडीक, कोरड्या विहिरीत टेप सोडली. दगडोबांनी ती नऊ परस सांगितली होती, म्हणजे सोळा मीटर. टेप एकोणीसवर जाऊन टेकली.

कॉलेजातल्या सरांनी वही मिटली. तीन मीटरचा फरक म्हणजे गप्पाच, म्हणाले. ताळा जुळव, नाहीतर हा भाग काढून टाक.

गुरुवार हा तिचा भांडगावचा वार; पुढच्या गुरुवारी ती हेच सांगायला गेली. सांगताना तिचा आवाज खाली गेला. दगडोबा रागावले नाहीत.

"तू मोजलास त्यो मी न्हाईच, पोरी. माझी पाठ वाकली. हिरीत उतरायचा त्यो ताठ गडी व्हता."

"तो आता कुठून आणू, आबा?"

म्हाताऱ्यानं कोपर ओट्यावर टेकलं, बोटं सरळ केली. "ह्यो वाकलाय का? माणूस ज्याच्या त्याच्या हातानं साडेतीन हात. वर केला की आनखी एक. लाव तुजी टेप."

कोपरापासून बोटापर्यंत सत्तेचाळीस सेंटिमीटर. तिनं मोबाईलवर साडेचार हातांचा परस धरला, त्याला नवानं गुणलं. एकोणीस मीटर, तीन सेंटिमीटर. तिनं पुन्हा गुणून पाहिलं. तेच. मग तिथंच बसून अकराही विहिरी मांडल्या. जिथं आज तिला सरासरी साडेसोळा मीटरवर पाणी लागत होतं, तिथं दगडोबांना तीन परसांवर लागायचं.

"किती गेलं म्हंजी?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ पाच परस. तुमचेच."

दगडोबांनी टेकलेला हात उचलून मांडीवर घेतला.

सरांनी आणखी तीन कोरड्या विहिरींवर ताळा करून आणायला लावला. जुळला. प्रबंधातला तो भाग राहिला, वर शाबासकी. आता तिकडं जायचं कारण नाही, सर खुशीनं म्हणाले, आता बसून लिही.

गुरुवारी सवयीनं पाचला जाग आली. भाकरी झाल्या, डबा भरला, स्कूटीची किल्ली हातात घेतली, तेव्हा लक्षात आलं की आज कुठंच जायचं नाही. सोबतिणी अजून पाळीवरून आल्या नव्हत्या. दगडोबांकडं फोन नव्हता; असता तरी काय विचारणार, काम तर संपलं होतं. तिनं डबा उघडला आणि तिथंच, उभ्यानं, सगळा खाल्ला.