कोरडा कान

माझ्या मामांचे दोन्ही कान लहानपणापासून वाहत. धर्मापुरीकडच्या आमच्या गावात मेंढरं राखणाऱ्यांत हे नवं नव्हतं. कोमट तेल सोडायचं आणि विसरायचं, एवढाच उपचार. ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा मी त्यांना अंबाजोगाईच्या रुग्णालयात नेलं.

बंद खोलीत तपासणी झाली. आवाज आला की बटण दाबायचं. डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. पडद्यांना भोकं होती, पण आतली नस शाबूत होती. कानाच्या वरचा पातळ पापुद्रा काढून नवा पडदा बसवता येणार होता. अट एकच: तोवर कान कोरडा हवा. पाणी गेलं की पू होतो, आणि पुवात पडदा धरत नाही. पाण्याजवळ जाताना व्हॅसलीन लावलेले कापसाचे बोळे घालायचे.

तारीख मिळाली ती लोकर कातरण्याच्या दिवसांतली. कातरण्याआधी मेंढरं धुतात. एकजण छातीभर पाण्यात उभा राहून एकेक मेंढरू मानेला धरून बुडवतो. आमच्याकडे हा मान थोरल्याचा. मामा उतरले.

"मामा, मेंढरं धुतली का कान?" डॉक्टरीणबाईंनी नंतर विचारलं.

"दोनी. न धुता कातर चालत न्हाई, बाई."

"अन् कापूस?"

"काढला. काठावरून कुणी मेंढरू ढकललं तर कळाया नगं?"

तारीख पुढे गेली. मग कळप गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, चरायला उतरला, मग पुन्हा धुणं आलं. फोन केला की मामी सांगायच्या, "कान वाहायलाय, आत्ता कसं यावं?" अशी काही वर्षं गेली.

परवा आम्ही पुन्हा त्याच खोलीत होतो. मामा बटण हातात धरून बसले आणि बराच वेळ दाबेचनात. डॉक्टरीणबाईंनी जुना आलेख नव्याशेजारी ठेवला. पुवानं आतली नसही गेली होती. भोकं बुजतील, वाहणं थांबेल, यंत्रानं थोडा उपयोग होईल. गेलेलं ऐकणं परत येणार नाही. हे त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं.

बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "काय म्हणल्या?"

मी सांगितलं.

"आं?"

मी मोठ्यानं सांगितलं. रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या. तिसऱ्यांदा ओरडावंच लागलं. बाकावरच्या सगळ्यांना कळलं, आणि मग मामांना.